आण्णांचा फोटो आणि बाकीचं सामान

माणूस वस्तू विकत घेतो ती गरजेपोटी, असं अर्थशास्त्र सांगतं. अर्थशास्त्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारात पिशवी घेऊन उभा राहिलेला नसावा. तिथे आधी वस्तू येते. गरज तिच्या मागोमाग, बऱ्याचदा घरी येऊन खोकं उघडल्यावर येते.

बदलापूर पूर्वेला शिरगावात राहणाऱ्या चिंतामणी गायकरांची गरज मात्र साधी होती. त्यांना वडिलांचा एक फोटो हवा होता.

चिंतामणी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात क्वालिटी खात्यात आहेत. दुसऱ्याने केलेला माल केसाच्या जाडीवरून नापास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घरातही ते पोळी आधी तिरपी धरून पाहतात. त्यांच्या शौर्याची एक कथा आहे आणि ती नातेवाइकांत प्रत्येक लग्नात ऐकवली जाते. ऐकवणारे तेच असतात. एका खंडेनवमीला नव्याने आलेल्या साहेबांनी, माल अर्जंट आहे म्हणून, हार घातलेलं लेथ मशीन चालू करायला सांगितलं. चिंतामणी मशीनपुढे आडवे झाले. "साहेब, पूजेतलं हत्यार उत्तरपूजेशिवाय हलत नाही." साहेब हलले, मशीन नाही. ही कथा इथेच सांगून ठेवलेली बरी.

तर फोटो. त्यांचा मुलगा अनीश जर्मनीत नोकरी करतो. त्याने सुट्टीवर येणाऱ्या मित्राच्या हाती बापाला एक कोरा करकरीत कॅमेरा पाठवला. साधासुधा नव्हे, रेंजफाइंडर. रोल घालायचा, मागे पडदाबिडदा काही नाही. भिंग मध्यभागी, पण बघायचं ते कोपऱ्यातल्या एका छोट्या खिडकीतून. त्या खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो. भिंगावरची कडी फिरवत गेलं की दोघे जवळजवळ येतात आणि अंगात अंग मिसळून एक होतात. झाले की बटण दाबायचं. कुमुदिनीबाईंनी त्यातून एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि "एकच पुरे आहे" म्हणून कॅमेरा परत दिला.

फोनवर अनीशने बजावलं, "बाबा, पहिले काही महिने नुसता कॅमेरा वापरा. बाकीचं सामान घ्यायच्या भानगडीत पडू नका. घेतलंच तर जे उपयोगी असेल तेवढंच."

शेवटच्या वाक्याला पोरगा चुकला. क्वालिटी खात्यातल्या माणसाला 'उपयोगी ते घ्या' सांगणं म्हणजे उपयोगी नाही असं काय आहे, ते शोधायची जबाबदारी बाजारावर टाकणं.

आता आण्णा. चिंतामणींचे वडील आण्णा आणि आई राजाबाई जांभूळ गावात धाकट्या कैलासकडे राहतात. आण्णांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. नक्की किती पुढे, याबाबत आधार कार्ड आणि राजाबाई यांच्यात मतभेद आहेत. त्यांचा जगात उपलब्ध असलेला एकमेव फोटो त्या आधार कार्डावर आहे आणि त्यात ते नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसतात. लग्नकार्यात कोणी मोबाईल वर केला की आण्णा खांबाआड जातात. त्यांचं म्हणणं सरळ आहे. गावात म्हाताऱ्या माणसाला नवी टोपी घालून खुर्चीत बसवलं आणि हनुवटी जरा वर करायला सांगितली, की तो फोटो पुढे कुठे दिसणार आणि त्याच्यावर काय चढणार, हे बाकी सगळ्यांना माहीत असतं. ज्याला बसवलंय त्यानेच तेवढं माहीत नसल्यासारखं वागायचं.

"चिंत्या, माझा हाराचा फोटो काढतोस काय रं?" असं ते तोंडावर विचारत. त्यावर 'नाही' म्हणावं तर पुढचा प्रश्न 'मंग कशाला?' असा असे.

शेवटी अनीशनेच फोनवरून मांडवली केली. "आजोबा, मला माझ्या टेबलावर ठेवायचाय. इथं कोणी माझं नाही."

आण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "टेबलावर ना? भित्तीवर नाय ना?"

"भिंतीवर नाही."

"मंग बसंन. दसऱ्याला. एकदाच बसंन. आन त्या मोबाईलनं नको, तो फोटो सगल्या गावाला जातो."

"एकदाच" या शब्दाने चिंतामणींची झोप गेली. एकदाच म्हणजे माल दुरुस्त करून पुन्हा तपासणीला पाठवायची सोय नाही. कैलासने आगीत तेल ओतलं. कैलास जमिनी आणि फ्लॅट दाखवायचा धंदा करतो आणि त्याच्या मते जगातली कुठलीही गोष्ट फोनवर होते. कॅमेरा हातात उलटासुलटा करून तो म्हणाला, "दादा, मस्त आहे रे खेळणं. पण आण्णा एकदाच बसणार आहेत हां. जमेल ना? नाहीतर मी उभा राहतो बाजूला मोबाईल घेऊन."

खेळणं! चिंतामणींनी त्या क्षणी ठरवलं, की तयारीत कसूर ठेवायची नाही.

तळमजल्यावर राहणारा सनी लग्नाचे फोटो काढतो. सल्ल्याला तो जवळ पडला. "काका, कॅमेरा एकदम कडक है, पण हूड नाय? उन्हात काढणार ना? सूरज सीधा भिंगात घुसेल. हूड मंगता है." हूड म्हणजे भिंगाला घालायची टोपडी. आण्णा नवी टोपी घालणार आणि भिंग बोडकं राहणार, हे चिंतामणींनाही बरं वाटेना.

टोपडी मिळाली उल्हासनगरात, टेकचंदच्या दुकानात. टेकचंदकडे कॅमेऱ्याचं सामान, मोबाईलची कव्हरं, फोटोच्या फ्रेमा आणि एका कोपऱ्यात मोसमाप्रमाणे पतंग किंवा पिचकाऱ्या असतात. त्याने कॅमेरा फिरवून फिरवून पाहिला, मागे पडदा शोधला, सापडला नाही. "साईं, ये तो अंधा कॅमेरा है," तो म्हणाला. पण अंधांना लागणारं सामानही त्याच्याकडे होतं.

टोपडी घरी येऊन भिंगावर बसली आणि चिंतामणींनी खिडकीला डोळा लावला. बाजूच्या खिडकीतून बघायचं असल्यामुळे टोपडीची कड मध्ये आली आणि चित्राचा खालचा उजवा कोपरा काळा झाला. आण्णांचा गुडघा जाणार. दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा टेकचंदपुढे.

"कोने में क्या रखा है साईं? आदमी तो बीच में रहता है," टेकचंद म्हणाला. हा युक्तिवाद फोटोग्राफीपलीकडेही लागू पडण्यासारखा होता, पण चिंतामणी कोपरेच तपासण्याचा पगार घेतात. तेव्हा टेकचंदने त्यांना कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची एक वेगळी खिडकी दिली. तिच्यातून टोपडी दिसत नाही. तशी कॅमेऱ्याच्या आतली दोन माणसंही दिसत नाहीत, तेव्हा आधी खालच्या खिडकीतून दोघांना एक करायचं आणि मग वरच्या खिडकीतून त्या एकाला बघायचं.

खिडकी बसली. पण डोक्यावर जागा एकच असते आणि ती फ्लॅशची. "आण्णांच्या टोपीची सावली तोंडावर पडेल ना काका, फ्लॅश तो चाहिएच," असं सनी म्हणून चुकला होता. तेव्हा फ्लॅशसाठी बाजूला धरणारी लोखंडी पट्टी आली. ती कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात आवळली. आता ते भोक खरं तिवईचं, म्हणजे ट्रायपॉडचं. तिवईशिवाय हात हलणार. आण्णा एकदाच बसणार. मग पट्टीलाच खालून जोडता येईल अशी एक चकती आली. पहिली चकती मोठ्या आट्यांची निघाली, ती बदलून लहान आट्यांची आणली, ती सैल झाली म्हणून मधे घालायला एक रिंग आणली. सगळं एकमेकांत आवळून झाल्यावर लक्षात आलं, की या कॅमेऱ्यात रोल तळाकडून घालतात.

कुमुदिनीबाई भाजी निवडता निवडता हे सगळं पाहत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "यात कॅमेरा नक्की कुठला?"

वजनामुळे मान दुखू लागली, म्हणून रुंद पट्टा आला. पट्टा बसल्यावर जुन्या पिशवीची चेन लागेना, म्हणून मोठी बॅग आली. बॅगेत कप्पे इतके, की चिंतामणी झाकण शोधत तेव्हा चकती सापडे आणि चकती शोधत तेव्हा ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या. त्या पुड्या कुमुदिनीबाईंनी पुढे पापडाच्या डब्यात टाकल्या आणि पापड कुरकुरीत राहिले, हे न्यायाला धरून सांगितलं पाहिजे. एक गोष्ट दोनदा आणावी लागली नाही असं त्या महिन्यात झालं नाही. टेकचंद आता त्यांना लांबून बघूनच म्हणे, "आओ साईं, क्या बदलना है?"

सरावासाठी एका रविवारी ते जांभळाच्या बाजूला, पाणी शुद्ध करायच्या केंद्राजवळ गेले. तिथे कुंपणाबाहेर बगळे असतात आणि बगळे आण्णांसारखेच शुभ्र, स्थिर आणि संशयी दिसतात. चिंतामणींनी तिवई उघडली, सगळा डोलारा चढवला आणि बरेच बगळे टिपले. तेवढ्यात फाटकावरचा वॉचमन आला.

"शूटिंगची परमिशन?"

"शूटिंग नाही हो. फोटो."

"कॅमेरा असता तर फोटो. तिवई आली का शूटिंग." तो ठामपणे म्हणाला. "कशाचं काढताय?"

"वडिलांचा फोटो काढायचाय."

वॉचमनने बगळ्यांकडे पाहिलं. "कुठायत वडील?"

"घरी. गावात."

"मग हितं कशाला?"

वॉचमनने माणुसकी दाखवून मार्ग सुचवला: ऑफिसात अर्ज द्या, कारण लिहा, साहेब दसऱ्यानंतर बसतील. जाता जाता तो म्हणाला, "नायतर मोबाईलनं काढा ना. त्याला कोन नाय बोलत." चिंतामणींनी डोलारा उतरवला. उतरवायला चढवण्याहून जास्त वेळ लागला आणि तेवढा वेळ वॉचमन ती पट्टी, ती चकती आणि ती रिंग हातात धरून, एखाद्या गरिबाचा संसार उचलू लागल्यासारखा उभा होता.

दसरा उजाडला. गायकर पती-पत्नी रिक्षाने जांभळात पोचले. मागच्या सीटवर बॅग आणि कुमुदिनीबाई, पुढे ड्रायव्हरशेजारी चिंतामणी आणि त्यांच्या दोन गुडघ्यांत तिवई. अंगण शेणाने सारवलेलं होतं, दाराला झेंडूचं तोरण होतं. ओटीवर पाट मांडून राजाबाईंची शस्त्रपूजा चालली होती. आण्णांचा कोयता, विळा, नांगराचा घासून लखलखीत केलेला फाळ, कुऱ्हाड. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्याने आणून ठेवायचं. कैलास पुढे झाला आणि त्याने आपला मोबाईल विळ्याशेजारी ठेवला. "माझं हत्यार हेच, आई."

राजाबाईंनी मोबाईलला कुंकू लावलं. मग मोठ्या मुलाकडे पाहिलं. "आन तुझं रं, चिंत्या?"

गेल्या वर्षीपर्यंत चिंतामणी कारखान्यातली मोजपट्टी ठेवत. यंदा ती शिरगावात राहिली होती. त्यांनी कैलासकडे पाहिलं. कैलास हसत होता. खेळणं म्हणाला होता तो. चिंतामणींनी बॅगेतून कॅमेरा काढला, सगळ्या अलंकारांसकट जुळवला आणि कोयत्याच्या आणि फाळाच्या बरोबर मधोमध पाटावर ठेवला. हत्यारांत हत्यार म्हणून.

तो क्षण फार चांगला होता. राजाबाईंनी झाकणावर कुंकू लावलं, वरच्या खिडकीत झेंडू खोचला, अक्षता टाकल्या, आपट्याचं पान वाहिलं. चिंतामणींनी हात जोडले. कैलासचं हसणं थांबलं. कुमुदिनीबाई काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात आरती सुरू झाली.

आरती संपली आणि आतून आण्णा आले. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. गालांना खोबरेल लावलेलं दिसत होतं. त्यांनी अंगणात ऊन बघून खुर्ची हलवली, बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कोणी न सांगताच हनुवटी वर केली.

"हं," आण्णा म्हणाले. "काढ."

चिंतामणी पाटाकडे वळले, वाकले, हात पुढे केला.

"आरं! आरं!" राजाबाई ओरडल्या. "पूजेतलं हत्यार हलवतोस?"

कैलासचा आवाज अत्यंत गोड लागला. "दादा, ती लेथ मशीनची गोष्ट सांग ना. साहेबापुढे आडवा झालास ती."

"आई, एक मिनिट फक्त. फोटो काढतो, परत ठेवतो."

"उद्या सकाली उत्तरपूजा झाली का मंग घे."

चिंतामणींनी अपील वरच्या कोर्टात नेलं. "आण्णा, तुम्ही सांगा तिला."

आण्णांची हनुवटी वरच होती. "माझा कोयता बी थितंच हाय," ते म्हणाले. "मी हात लावला काय? हत्यार म्हनून ठेवलंस ना तू? नाय तं उचल, मंग त्यो हत्यार नाय."

कॅमेरा उचलला तर खेळणं, नाही उचलला तर फोटो नाही. कुमुदिनीबाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं, "मी मघाशी हेच म्हणणार होते. पण भाऊजींचा मोबाईल तरी..." मग त्यांनीच पाटाकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. चिंतामणींचा स्वतःचा फोन खिशात होता. पण आण्णांची अट होती, आणि कैलाससमोर तो बाहेर काढण्यापेक्षा चिंतामणींनी आण्णांचं चित्र बोटाने मातीत काढलं असतं.

आण्णा उठत नव्हते. बसेन म्हणाले होते, ते बसले होते. शेजारपाजारचे सोनं द्यायला येत होते आणि कुंपणाशी थांबून बघत होते. काहीतरी करणं भाग होतं. चिंतामणींनी तिवई उघडली, आण्णांसमोर नीट अंतरावर रोवली, पातळी तपासली. अंदाज यावा म्हणून तिच्या डोक्यावर पूजेतून सुटलेला एक पितळी तांब्या ठेवला. मग तांब्याच्या मागे जाऊन एक डोळा मिटला.

"थोडं डावीकडे, आण्णा."

आण्णा डावीकडे झाले.

शेजारच्या जनूकाकी कुंपणावरून म्हणाल्या, "राजाबाय, तांब्याचा फोटो चांगला येतो म्हंतात."

"आमच्या चिंत्याचं शिक्षन जास्त हाय," राजाबाई म्हणाल्या. यात कौतुक किती आणि बाकीचं किती, ते चिंतामणींनी विचारलं नाही.

बराच वेळ गेला. ऊन टोपीवरून नाकावर आलं. शेवटी आण्णांनी हनुवटी खाली घेतली, गुडघ्यांवर हात दाबून ते उठले आणि तांब्यातलं पाणी पिऊन तांब्या राजाबाईंकडे दिला. "माझं बसनं झालं," ते म्हणाले आणि टोपी झटकत आत गेले.

कैलासने खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे दादा. प्रॅक्टिस झाली."

त्या रात्री गायकर पती-पत्नी जांभळातच राहिले. चिंतामणी जेवले नाहीत, म्हणजे भात फक्त दोनदा घेतला. अनीशला काय सांगायचं, याचा ते विचार करत होते. पोराने एवढ्या लांबून एकच गोष्ट मागितली होती, आजोबांनी आयुष्यात एकदाच होकार दिला होता, आणि मधे जो एक माणूस उभा होता त्याने पितळी तांब्यातून नेम धरला होता.

सकाळी राजाबाईंनी उत्तरपूजा केली, पाण्याचा शिंतोडा उडवला आणि पाट हलवला. आण्णा कोयता उचलून गोठ्याकडे गेले. चिंतामणींनी कॅमेरा घेतला. वरच्या खिडकीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या, टोपडीत अक्षता, पट्टीच्या सांध्यात कुंकू. त्यांनी एकेक करून सगळं उतरवलं आणि ओटीवर मांडलं. उरला तो कॅमेरा. अनीशने पाठवला होता तेवढाच, हाताच्या पंजात मावणारा. काही बिघडलंबिघडलं नाही ना, हे पाहायला त्यांनी झाकण काढलं. (ते काढायला ते विसरले नाहीत. अशा कथांत विसरतात, म्हणून सांगितलं.) अंगणात उभं राहून त्यांनी कोपऱ्यातल्या खिडकीला डोळा लावला.

पिवळ्या चौकोनात गोठ्याची दोन दारं दिसली. दोन दारांतून दोन आण्णा बाहेर आले. दोघांच्या अंगात भोकं पडलेलं बनियन, दोघांच्या हातात कोयता, आणि दोघेही ओरडत होते.

"आरं अजून हितंच? कामावर जायचा नाय? काल दिसभर तांब्या घेऊन उभा, आज..."

चिंतामणींनी कडी फिरवली. दोन आण्णा एकमेकांकडे सरकले. एकाचा कोयता दुसऱ्याच्या कोयत्यात शिरला, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात, आणि अचानक समोर एकच म्हातारा माणूस होता, स्वच्छ, पूर्ण, अगदी जवळचा. आजवर चिंतामणींनी त्यांच्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं की शिव्या बसत.

'टक्' झालं.

"काय केलंस?" आण्णांनी विचारलं.

"काही नाही. तपासत होतो."

रोल धुवायला मुंबईला गेला. त्यात बाकीचे बहुतेक बगळे होते आणि एकाचाही खालचा उजवा कोपरा काळा नव्हता. आण्णांचा मात्र फोटो असा आला, की कुमुदिनीबाई तो हातात घेऊन काही बोलल्या नाहीत. आणि त्या बोलत नाहीत हा घरातला दुर्मीळ शेरा आहे. आण्णा ओरडत होते. कोयता वर होता. डोळ्यांत ऊन होतं. अनीशला एक प्रत गेली. राजाबाईंनी फोनवरून आपल्यालाही एक मागितली, "चांगली काचेत बसवून, घरात ठेवाया."

काचेचं काम टेकचंदकडे. त्याने फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा धंदा थोडा मावळला.

"पिताजी?"

"हो."

"आपने टाइम पे निकाल लिया साईं, अच्छा किया. लोग बाद में पछताते हैं."

चिंतामणी सुखावले. वेळ साधणं हेच रेंजफाइंडरचं मर्म, हे त्यांनी टेकचंदला थोडं समजावूनही सांगितलं. टेकचंद मान हलवत राहिला. दिवाळीच्या आधी फ्रेम घ्यायला गेले, तेव्हा ती कागदात बांधून तयार होती. "एक चीज मेरी तरफ से है. आप पुराने कस्टमर हो," असं म्हणून टेकचंदने दोन्ही हात जोडले. चिंतामणींनीही जोडले. सणासुदीला दुकानदार हल्ली नम्र होतात, असं त्यांना वाटलं.

पाडव्याला सगळे जांभळात जमले. निघताना कुमुदिनीबाईंनी बजावलं होतं, "आज सण आहे. गळ्यात काही अडकवू नका," म्हणून कॅमेरा घरी होता. फराळ झाल्यावर चिंतामणींनी पुडकं आण्णांच्या मांडीवर ठेवलं. कैलास, राजाबाई, कुंपणापलीकडच्या जनूकाकी, सगळे गोळा झाले. आण्णांनी सुतळी सोडली, गुंडाळून बाजूला ठेवली, आणि कागद उलगडला.

फोटोत आण्णा ओरडत होते. फोटोवर चंदनी रंगाचा, मधे लाल गोंडा असलेला, भरगच्च हार होता.

चिंतामणींना टेकचंदचे जोडलेले हात आठवले, त्याची मान आठवली, 'टाइम पे' आठवलं. राजाबाईंना आधी आवाज फुटला. "मेल्या! जित्या मानसाच्या फोटूला हार?"

"आई, मी नाही, तो दुकानदार..."

आण्णा फोटोकडे पाहत होते. फार वेळ पाहत होते. "ह्यो मी काय?" त्यांनी विचारलं.

"हो, आण्णा."

"वरडतो कोनाला?"

"मला."

"बराबर." आण्णांनी हार फोटोवरून काढला, बोटांत चाचपला. "चंदनाचा हाय?"

"प्लास्टिकचा असेल."

"धुता येल मंग." त्यांनी तो दोन्ही हातांनी उघडला आणि सरळ स्वतःच्या गळ्यात घातला. मग टोपी मागितली, गुडघ्यांवर हात ठेवले, हनुवटी वर केली. "सरपंचाला घालतात, आमदाराला घालतात. मला जित्तेपनी कोनी घातला नाय. चल, काढ आता हाराचा. म्हंजे मागनं कोनाला तरास नाय."

चिंतामणींचा हात छातीवर गेला. तिथे पट्टा नव्हता. कॅमेरा शिरगावात कपाटात, आणि बाकीचं सगळं त्याच्या शेजारी होतं.

"मोबाईलनं काढू, आण्णा?" कैलास म्हणाला.

"कशानं बी काढ. पन लवकर, हा टोचतो."

कैलासने मोबाईल वर केला आणि खाली घेतला. संपलं. आण्णा हसत होते, गळ्यात लाल गोंडा होता, आणि चहा येईपर्यंत फोटो जर्मनीत पोचला होता.

थोड्या वेळाने अनीशचा फोन आला. टेबलावर आता दोन आजोबा ठेवतो, तो म्हणाला, एक ओरडणारे आणि एक सत्काराचे. मग त्याने विचारलं, "बाबा, एवढं सामान घेतलंत. त्यातलं उपयोगी काय निघालं?"

चिंतामणींनी टोपडी आठवली, वरची खिडकी, लोखंडी पट्टी, दोन्ही चकत्या, मधली रिंग, तिवई आणि बॅग आठवली.

"हार," ते म्हणाले. "तेवढा बदलून आणावा लागला नाही."